हूक खाली ठेवून बोला

आमच्या टोळीची पहिली बैठक झाली ती एका माणसाचा कान फाटल्यावर. त्याआधी आम्ही बसत नव्हतो, मारामारी करत होतो.

तुमसरच्या एका राईस मिलमध्ये मी हमालांचा मुकादम होतो. भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. शाळा माझी चौथीत सुटली. सुटली म्हणजे मी सोडली. मास्तरनं छडी उचलली, मी ती हिसकून मोडली आणि घरी आलो. परत गेलो नाही. पण वीस-बावीस माणसांची टोळी मी जशी चालवली तशी चालवून दाखवणारा शिकलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

हमालाच्या हातात हूक असतो. बोटाएवढं जाड लोखंड, टोक वाकवून पाजवलेलं, मागं लाकडी मूठ. पोत्यात रुतवायचा, ओढायचं, पाठीवर घ्यायचं. दिवसभर हातात राहून तो हाताचाच भाग होऊन जातो. मग भांडण लागलं आणि हात उठला की त्याच्यासोबत हूकही उठतो. त्या दिवशी ट्रकला लावलेल्या फळीवर दोघांची जुंपली. मागचा म्हणे तू हळू चालतो, पुढचा म्हणे तू अंगावर येतो. मागच्याचा हूक पुढच्याच्या कानात अडकला आणि कान खाली लोंबला. कानवाल्यानं तशाच रक्तात वीट उचलून समोरच्याचे दात पाडले. बाकीच्यांनी पोती टाकली आणि दोन तट पडले. मी बॉयलरजवळची सळई उचलली आणि दोघांच्याही पिंढऱ्यांवर हाणली. दोघं खाली बसले तेव्हा इतरांकडे वळलो.

सगळ्यांचे हूक काढून घेतले. बॉयलरच्या मागं राखेचा ढीग असतो, त्याच्या बाजूला चिंचेचं झाड. तिथं एक रिकामं बारदान अंथरलं, हूक त्याच्यावर टाकले आणि सगळ्यांना भोवती बसवलं. म्हटलं, आता तोंडानं भांडा, उठताना हूक देतो.

तोंडानं भांडले म्हणजे काय, एकमेकाच्या आईबहिणीवर गेले. मी सळई मांडीवर ठेवून पाहत होतो. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माणसाचं नाव आलं की समोरच्याची मूठ वळत होती. शिवी आली तरी तेवढी वळत नव्हती. म्हणून तिथंच सांगितलं, की बैठकीत माणसाचं नाव घ्यायचं नाही. फळीचं घ्या, पोत्याचं घ्या, ट्रकचं घ्या. आमच्या टोळीत हाक मारायची ती गावावरून, कोंढ्याचा, बपेऱ्याचा अशी. म्हणून गावाचं नावही घ्यायचं नाही. झालं काय तेवढं सांगा, कोणी केलं ते सांगू नका.

 नाव न घेता बोलायचं म्हणजे त्यांना जिभेवर पोतं ठेवल्यासारखं झालं. शेवटी दात पडलेलाच बोलला, की फळी ओली राहते. भिजवलेल्या धानाचं पाणी पोत्यातून गळते, फळीवर पाय घसरते, म्हणून पुढचा हळू चालते. कान फाटलेला म्हणाला, मलाही तेच म्हणायचं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही फळीवर राख टाकली. त्यानंतर त्या फळीवर कोणी कोणाला मारलं नाही. फळी सोडून दुसरीकडे मारलं, पण फळीवर नाही.

तेव्हापासून दर शनिवारी काम सुटलं की बैठक. हूक बारदानावर. टोळीत जो सगळ्यात नवा तो पहिला बोलेल, जुना मागून. मी सगळ्यात शेवटी, आणि जमलं तर बोलतच नसे. मुकादम आधी बोलला की सगळे माना हलवतात, मग कळायचं काय? मी फक्त 'मंग?' म्हणायचो. माणूस थांबला की 'मंग?' तो पुन्हा बोलायचा. उठताना एकच गोष्ट ठरवायची, पुढच्या शनिवारपर्यंत तेवढीच बदलायची. सुरुवातीला त्यांनी एका दमात ढीगभर गोष्टी ठरवल्या होत्या आणि एकही केली नव्हती. त्याच्या पुढच्या शनिवारी एकच गोष्ट ठरेपर्यंत मी कोणाला उठू दिलं नाही. एक उठला तर त्याच्या छातीवर लाथ घातली. मिलचे मॅनेजर आम्हाला हसायचे, म्हणायचे हमालांची विधानसभा भरली. हसू दिलं.

माझी नात नागपूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दर पंधरा दिवसांनी आपल्या लोकांना बसवून काय बरं झालं, काय बिघडलं, पुढं काय बदलायचं हे काढून घ्यायचं, हे तिचं काम. त्याला ते रेट्रो म्हणतात. ती म्हणाली, आबाजी, खोलीत कोणीच बोलत नाही, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवतात, गोडगोड लिहितात, आणि मग चहाच्या टपरीवर जाऊन एकमेकाला फाडून खातात. मी विचारलं, सगळ्यात मोठा साहेब आधी बोलते का? म्हणाली हो. मी म्हटलं, मग कायले बोलतीन बाकीचे? तिनं विचारलं, तुमच्याकडे सगळे बोलायचे का? तेव्हा तिला मी माझ्या डाव्या हातावरची खूण दाखवली. तिनं ती लहानपणापासून पाहिली आहे, पण विचारलं कधी नव्हतं. तिला सांगितलं तेच इथं लिहितो.

उन्हाळी धानाचा हंगाम होता. मे महिना. गोदामावर टिनाचं छप्पर, आणि त्याच्या खाली पोत्यांची थप्पी पार छपराला टेकलेली. थप्पी म्हणजे नुसता ढीग नव्हे. एक थर आडवा, एक उभा, असा एकमेकात गुंतवून लावलेला असतो. लावताना खालून वर, काढताना वरून खाली, हे हमालाला कोणी शिकवावं लागत नाही. पण मे महिन्यात टिनाखाली चढायचं म्हणजे तापल्या तव्याखाली डोकं घालायचं. वर बसलेल्या माणसाच्या नाकातून रक्त येते. म्हणून त्या आठवड्यात पोरांनी काय केलं, तर वर चढायचं सोडून थप्पीच्या पोटातून पोती ओढायला सुरुवात केली. छातीच्या उंचीवर हूक रुतवायचा आणि ओढून घ्यायचं. सोपं काम. ट्रक पटापट भरत होते. मी त्या दिवसांत रेल्वेच्या मालधक्क्यावर दुसऱ्या गाड्यांमागं होतो.

थप्पी शुक्रवारी दुपारी बसली, पार कोसळली. आवाज मी धक्क्यावरून परतताना गेटपाशी ऐकला. धावत आलो तर गोदामात धूळच धूळ, आणि धुळीत एक माणूस गुरासारखा ओरडत होता. बपेऱ्याच्या दोघा भावांतला तो धाकटा. बपेरा म्हणजे मध्य प्रदेशच्या शिवेजवळचं गाव, दोघं भाऊ तिकडून सोबत आलेले, सोबत जेवायचे, एका बिडीचे दोन झुरके करायचे. आम्ही पोती उपसली. धाकट्याची मांडी मोडून हाड कातडीबाहेर आलं होतं. टेम्पोत घालून त्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात पाठवला. टेम्पो गेटबाहेर पडला आणि मोठा भाऊ मागं वळला.

त्यानं कोंढ्याच्या माणसाला धरलं. हा पवनीकडचा, लग्न करून तुमसरजवळ सासुरवाडीला राहायला आलेला, टोळीत त्याच्या गावचं दुसरं कोणी नाही. थप्पीचे खालचे थर त्यानं लावले होते, हे सगळ्यांना माहीत. मोठ्यानं त्याचं डोकं गोदामाच्या खांबावर आपटलं. एकदा, दोनदा. ओठ फाटला, दात हलला. कोंढ्याचा उलटा हात उचलत नव्हता, नुसता डोकं वाचवत होता. मग मोठ्यानं कमरेचा हूक काढला. मी मधी गेलो, त्याला मागून कवळ्यात धरलं आणि दोघं खाली पडलो. त्याचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. मी त्याचं तोंड भुईत दाबून ठेवलं, त्याचा दम सरेपर्यंत.

नुसता हाडाचा मामला असता तर मारहाणीवर निपटला असता. पण कोंढ्याचा आमच्यातला, बौद्ध वस्तीतला. मीही तिथलाच. दोघं भाऊ शेतकरी घरचे, हिंदू. तोवर टोळीत हे कोणी काढत नव्हतं, पाणी एका मडक्यातलं पीत होतो. पण कोंढ्याच्याला मी त्या वेळी मागच्या गेटनं पळवला असता, तर तो दोषी ठरला असता. आणि बपेऱ्याहून ट्रॅक्टर भरून माणसं लाठ्या घेऊन त्याच्या सासुरवाडीच्या वस्तीत उतरली असती. मग पोत्यांची गोष्ट कोणी ऐकली असती? एकाचा जीव गेला असता आणि किती घरं जळाली असती कोण जाणे.

मी म्हटलं, चला, बसा. शुक्रवार होता, तरी बसवलं.

मोठा उठला. तोंडावर माती, डोळे लाल. आजवर मला 'तुमी' म्हणणारा माणूस 'तू'वर आला.

"मी नाई बसत. तू त्याच्याच वस्तीतला. तू त्याचंच बोलशीन."

"मी एक शब्द बोलत नाई," मी म्हटलं. "बोललो तर हा हूक माह्या गळ्यात घाल."

त्यानं तोंडावरची माती पुसली. मग चिंचेखाली आला. सगळ्यांनी हूक बारदानावर टाकले. त्यानं टाकला नाही. मांडीवर धरून बसला. टोळी माझ्याकडे पाहू लागली, की नियम मोडला, आता मुकादम काय करते. मी काही केलं नाही. हिसकायला गेलो असतो तर तिथंच रक्त झालं असतं. मी फक्त त्याला माझ्या डाव्या अंगाला बसवलं, हात पुरेल एवढ्यावर. कोंढ्याच्याला उजवीकडे. मारायचं झालं तर माझ्या वरून मारावं लागेल.

खरं म्हणजे थप्पी का बसली ते मला गोदामात शिरताच दिसलं होतं. खालचे थर जागेवर उभे होते, मधलं पोट रिकामं होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं. पण मी सांगितलं असतं तर वस्तीवाल्यानं वस्तीवाल्याला सोडवलं असं झालं असतं. ते त्यांच्याच तोंडून यायला पाहिजे होतं. मी तोंड मिटून बसलो. मला एवढं कठीण काम दुसरं कधी पडलं नाही, आणि मी बॉयलरच्या भट्टीतून माणूस ओढून काढलेला आहे.

सगळ्यात नवा गडी मोहाडीकडचा, चाळिशीतला, शेत सोडून आलेला. तो पायाच्या अंगठ्यानं राख उकरत राहिला. मग म्हणाला, थप्पी पुढून पोकळ झाली होती.

"मंग?" मी म्हटलं. तेवढं मला चालत होतं.

म्हणाला, वर कोणी चढत नव्हतं. टिन तापते. मग अंग चोरून म्हणाला, मीही पोटातूनच काढली. त्याच्या पुढचा म्हणाला, मीही. त्याच्या पुढच्यानं नुसती मान हलवली, मी 'मंग?' म्हटलं तेव्हा त्यालाही बोलावं लागलं. एकेक जण बोलत गेला. कोणी म्हणाला ट्रकवाला घाई करत होता, कोणी म्हणाला सगळे काढत होते म्हणून मीही काढली. मोठ्याचा श्वास माझ्या कानाशी जोरजोरात चालला होता. मांडीवरचा हूक त्यानं मुठीत घेतला होता.

मग तुमसरच्याच एका गड्याची पाळी आली. हा टोळीतला तोंडाळ माणूस, याच्या नकलांवर सगळे हसायचे. त्या दिवशीही त्याला राहवलं नाही.

"आमाले कायले इचारता गा? पोटातून काढाची शाळा तं बपेऱ्याच्या मोठ्यानंच काढली. त्यालेच इचारा ना."

नाव आलं. मोठ्याचा हात सुटला. तो तुमसरवाल्यावर गेला नाही, कोंढ्याच्यावरच गेला, माझ्या छातीसमोरून, मानेच्या नेमावर. मी डावा हात मधी घातला. हूक कोपराखाली मांसात शिरला आणि आत हाडाला लागून थांबला. आधी दुखलं नाही. थंड वाटलं.

मोठ्यानं मूठ सोडली. हूक माझ्या हातात लटकत राहिला.

मी उठलो. सगळ्यांना वाटलं आता मोठा मेला. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. समोर गेलो आणि त्या तुमसरवाल्याच्या कानाखाली अशी दिली, की तो राखेच्या ढिगात उताणा पडला. टोळीला कळलं मी कायले मारलं ते. तुमसरवाल्यालाही कळलं. तो राख थुंकत उठला आणि आपल्या जागी येऊन बसला.

आज लोक म्हणतील, ज्यानं हूक मारला त्याला सोडून दुसऱ्याला काहून मारलं? हूक मारणारा त्या वेळी शुद्धीत नव्हता. नाव घेणारा शुद्धीत होता. परत तीच वेळ आली तर मी त्यालाच मारीन.

मी माझ्या जागी येऊन बसलो. रक्त बोटांवरून गळून राखेत मुरत होतं. मोठ्याकडे वळलो. आता त्याची पाळी होती.

"मंग?" मी म्हटलं.

तो माझ्या हाताकडे पाहत होता.  तसंच पाहत बोलला.

"मंगरवारी मीच काढलं पोटातून पहिलं पोतं. लहाना म्हने, दादा, वरून काढू, हे बसन अंगावर. मी म्हटलं, तू आयचा लाडका, तुले भेव लागते तं तू चढ वर. सारे हासले. मंग थो बी हासला अन् पोटातूनच काढाले लागला."

एवढं बोलून त्यानं दुपट्ट्यात तोंड घातलं. त्याची पाठ हलत होती. कोणी जवळ गेलं नाही.

राहिला कोंढ्याचा. त्याच्याकडे मी 'मंग?' म्हटलं नाही, तो आपणच बोलला. फाटल्या ओठातून शब्द नीट निघत नव्हते. म्हणाला, आज सकाळी मीही काढली पोटातून. लावणारा मीच, मला तर माहीत होतं. मग तोंडातलं रक्त बाजूला थुंकला आणि मोठ्याकडे न पाहता म्हणाला,

"आता मारून झालं असन तं पानी द्या कोनी."

तुमसरवाला उठला, मडक्यातून गिलास भरून आणला, त्याच्या हातात दिला. हासावं की नाही कोणाला कळेना.

मी मोठ्याला विचारलं, आता मी बोलू का? त्यानं मान हलवली. मी हूक धरला, दात दाबले आणि उपसून काढला. तेव्हा दुखलं. रक्तानं माखलेला तसाच तो बारदानावर टाकला, बाकीच्या हुकांत. आता सगळे हूक तिथं होते. मग विचारलं, की पुढचा एक आठवडा एकच गोष्ट बदलायची आहे, कोणती? मोहाडीचा म्हणाला, थप्पी वरूनच काढायची, पहाटे, टिन तापायच्या आत. सगळ्यांनी होय म्हटलं.

"उद्या वर कोन चढते?" मी विचारलं.

"मी," मोठा म्हणाला.

"अन् त्याच्या खाली पाठ कोनाची?"

 वरचा माणूस पोतं खालच्याच्या पाठीवर देतो. नीट दिलं तर पाठ घेते. उंचीवरून सोडलं तर मणका मोडते, आणि हात सुटला म्हणायला वरचा मोकळा. हे तिथं बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

"माही," कोंढ्याचा म्हणाला.

मी नाही म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. तेव्हा दुसऱ्या कोणाची पाठ दिली असती तर ही गोष्ट टोळीत कायमची कुजत राहिली असती, आणि कधीतरी कुठल्यातरी गल्लीत हूक परत उठला असता. घरी गेलो, बायकोनं हातात हळद भरली आणि मला येडा म्हटलं. 

पहाटे सगळी टोळी गोदामात वेळेच्या आधी आली. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. मोठा दुसऱ्या उभ्या थप्पीवर चढला, छपरापर्यंत. त्याच्या भावाचं ऑपरेशन व्हायचं होतं, रात्रभर तो दवाखान्यात होता, तसाच आला होता. कोंढ्याचा खाली येऊन उभा राहिला. ओठ सुजलेला, कपाळाला चिंधी. त्यानं वर पाहिलं नाही. गुडघ्यावर हात ठेवले, वाकला आणि पाठ दिली.

मोठ्यानं हूक रुतवला, पोतं कडेला ओढलं, उभं केलं. तिथं थांबला. माझ्या हातातली सळई मी कधी उचलली मला आठवत नाही. 

मोठा गुडघ्यावर बसला. मग पोटावर आडवा झाला, जेवढं खाली होता येईल तेवढं, दोन्ही हात लांब करून. आणि पोतं त्यानं त्या पाठीवर ठेवलं. सोडलं नाही, ठेवलं. पाठीला टेकल्यावरही हात काढला नाही, कोंढ्याच्यानं पाय रोवेपर्यंत धरून राहिला.

कोंढ्याचा फळीकडे चालू लागला. वरून मोठ्यानं पुढच्या गड्याला आवाज दिला,

"दुसरा या."